नारळाचा रस का फुटतो?

वेस्ट इंडीजमधील हिस्पॅनिओला बेटाच्या पूर्व भागात डॉमिनिकन प्रजासत्ताक हा देश आहे. त्याच्या ईशान्येला सामाना नावाचे द्वीपकल्प असून तेथे नारळीची झाडे विपुल आहेत. तेथील आवडता पदार्थ म्हणजे ‘पेस्कादो कोन कोको’, अर्थात नारळाच्या रसातला मासा. नारळ मात्र मूळचा तेथला नव्हे. सोळाव्या शतकात युरोपीय खलाशांनी तो अटलांटिकपलीकडे नेला. अटलांटिक किनाऱ्यावरचे नारळ हिंदी महासागराकडच्या नारळांचे वंशज आहेत, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातही दिसून आले.

तांबोशीसारखा मासा आधी तेलात तळतात. मग कांदा, लसूण, ढोबळी मिरची, टोमॅटो परतून त्यात नारळाचा रस ओततात आणि मंद आचेवर मासा त्यात थोडा वेळ ठेवतात. या क्रमामागे काय कारण असावे?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे रसात मासा कितीही वेळ ठेवला, तरी त्याचे तापमान त्यापुढे जात नाही. खमंग तपकिरी रंग येण्यास पृष्ठभाग सुमारे १४० अंशांपर्यंत तापावा लागतो. तेल त्याहून अधिक तापू शकते. म्हणून तळणे आधी.

आता मंद आचेचे पाहू. नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे पातळ आवरण असते, म्हणून थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. तापमान ८० अंशांच्या आसपास गेले, की ही प्रथिने गोठू लागतात. रस खळखळा उकळला, तर आवरणे फाटतात, थेंब एकत्र येतात आणि पाण्याहून हलके असलेले तेल वर तरंगते. रस फुटला, असे आपण म्हणतो तो हाच प्रकार!

मंद आचेवर मासा कच्चा राहील, ही भीती नको. माशाचे मांस साधारण ६० अंशांच्या सुमारास शिजते. त्यातील स्नायू जोडणाऱ्या ऊती मटणापेक्षा खूपच नाजूक असतात. म्हणजे मासा शिजतो, पण रस फुटत नाही, अशी सोयीची जागा या दोन तापमानांच्या मध्ये सापडते. कोकणातही माशाच्या आमटीत जाड रस शेवटी घालतात, त्याचे कारण हेच.

घरच्या मोठ्यांच्या मदतीने एक प्रयोग करा. एका भांड्यातला रस नुसता कोमट करा, दुसऱ्यातला दहा मिनिटे उकळा. दोन्ही तासभर ठेवून ढवळा. कोमट रसावर साय धरली असेल, तर ती पुन्हा मिसळेल. उकळलेल्या रसावरचे तेल मिसळते का, ते तुम्हीच पाहा आणि कारण वहीत लिहा.