ईदची सुट्टी, चांदाची तारीख आणि खेळायचा किनारा

ईदच्या दुसऱ्या दिवशी नागोठण्यात घरोघरी एकच चर्चा चालते. आज कुठल्या किनाऱ्याला जायचे? शिरखुर्म्याचे पातेले रिकामे झालेले असते, पाहुणे येऊन गेलेले असतात, मुलांच्या खिशात ईदी खुळखुळत असते. कुणाला काशीद हवे असते, कुणाला अलिबाग. दादीला मुरूडचे नातेवाईक भेटायचे असतात. मुलांची मागणी मात्र ठरलेली: बॅट-बॉल खेळायला ऐसपैस वाळू हवी. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा किनारा ठरतो आणि जेवण आटोपून, जुहर पढून गाड्या निघतात.

आम्हीही वर्षानुवर्षे असेच निघत होतो. किनारा निवडताना आम्ही अंतर पाहायचो, रस्ता पाहायचो, गर्दीचा अंदाज घ्यायचो. एकच गोष्ट पाहत नव्हतो, आणि ती तर घराच्या भिंतीवरच टांगलेली असते. ती म्हणजे चांदाची तारीख.

बॉलच्या मागे गेलेला मुलगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. मुलांनी स्टंप रोवले, मोठ्यांनी चटया अंथरल्या. वाळूचा पट्टा अरुंद वाटला, पण कुणी मनावर घेतले नाही. थोड्याच वेळात लाट स्टंपपाशी आली. मुले हसली आणि स्टंप मागे सरकवले. तेवढ्यात एका फटक्याला बॉल पाण्यात गेला आणि आमच्या घरातला दहा वर्षांचा मुलगा त्याच्या मागे धावला. बॉल हाताच्या अंतरावर दिसत होता. प्रत्येक लाटेबरोबर तो थोडा आणखी आत जात होता आणि मुलगाही. गुडघ्याएवढे पाणी छातीपर्यंत कधी आले ते त्याला कळलेही नाही.

जवळच जाळे आवरत बसलेल्या एका कोळी बांधवाने ते पाहिले. तो ओरडला, धावला आणि मुलाला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. अलहम्दुलिल्लाह, आमचे मूल आम्हाला परत मिळाले. त्या भल्या माणसाने आम्हाला एवढेच विचारले, “ईद करून आलात ना? मग चांद कालपरवाच दिसला. आज उधाण आहे हे तुम्हाला कुणी सांगायला हवे?”

त्या प्रश्नाने आम्ही शरमलो. आमचे नागोठणे अंबा नदीच्या खाडीच्या टोकाला वसलेले. सोळाव्या शतकातला जुना दगडी पूल याच पाण्यावर उभा आहे. एके काळी भरतीच्या पाण्यावर गलबते इथपर्यंत येत. त्या काळची माणसे आकाशाकडे पाहून पाणी कधी चढेल ते सांगत. आम्ही त्यांचीच लेकरे, आणि रोजा सोडण्यापुरता चांद पाहून बाकी हिशेब विसरलो होतो.

चांदाचा हिशेब

सूरह बकरामध्ये चांदाला लोकांसाठी वेळ मोजण्याचे साधन म्हटले आहे. समुद्राची वेळही त्याच चांदावर चालते. कोकण किनाऱ्यावर रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चांद आणि सूर्य यांची ओढ एकत्र येते, तेव्हा भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. हे उधाण. चांद अर्धा असतो तेव्हा पाणी कमी चढते-उतरते. तो भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो, म्हणजे घराच्या एका मजल्याएवढा.

जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. आपली तारीख चांद दिसल्यावर सुरू होते, म्हणून ती तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. तेव्हा आपल्या तारखेत एक किंवा दोन मिळवा, बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करा आणि उरलेल्या आकड्याची पाऊणपट करा. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. नेमकी वेळ मोबाईलवर किंवा भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहता येते. पण अंदाज डोक्यात असला की तक्ता पाहायचे सुचते तरी.

आता हाच हिशेब ईदला लावून पाहा. ईदुल फित्र शव्वालच्या पहिल्या तारखेला, म्हणजे अमावास्येच्या पाठोपाठ. ती मार्चमध्ये येवो की डिसेंबरमध्ये, तेव्हा उधाण असतेच. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरती दुपारी सव्वादोन ते तीनच्या दरम्यान येते. आपण जेवून, जुहर पढून किनाऱ्यावर पोहोचतो ती नेमकी हीच वेळ. वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या सहलीसाठी आपण न कळत वाईट घटका निवडत आलो आहोत.

उपाय साधा आहे. फज्रनंतर निघावे. त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला ओहोटी पूर्ण झालेली असते आणि मैदानासारखी वाळू मोकळी पडते. दहापर्यंत मनसोक्त खेळावे, मग पाणी चढू लागले की सावली गाठावी. नाही तर संध्याकाळी पाचनंतर जावे. तेव्हा वाळू उघडी पडू लागलेली असते, पण उतरते पाणी आत ओढते म्हणून खेळ वाळूवरच ठेवावा. बकरी ईदला चित्र उलटे असते. जिल्हजच्या १० आणि ११ तारखेला दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान ओहोटी असते. मात्र सध्या काही वर्षे ही ईद मे-जूनमध्ये येते आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी समुद्र खवळू लागतो, तेव्हा चांदाचा हिशेब बाजूला ठेवून पाण्यापासून लांबच राहावे.

कोणता किनारा कोणासाठी

अलिबाग: वडखळ-पोयनाडवरून सोयीचा रस्ता. वाळू काळपट, घट्ट आणि सपाट, त्यामुळे ओहोटीला क्रिकेटला उत्तम. ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. किल्ल्यात हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. पण परतीची वेळ आधी ठरवूनच पाऊल टाकावे. भरती सुरू झाली की वाट बुडते आणि माणसे किल्ल्यात अडकतात.

काशीद: पांढरी वाळू, सुरूची झाडे, फोटोत सर्वांत देखणा. पण हा किनारा उताराचा आहे. चार पावलांत पाणी खोल होते आणि लाट जोराने आपटते. सुरूच्या सावलीत दस्तरखान अंथरावा, डोळे भरून समुद्र पाहावा, मुलांना पाण्यात सोडू नये. बॉल खेळायला तर ही जागाच नाही, कारण सुटलेला बॉल उतारावरून थेट पाण्यात जातो.

मुरूड: लांब, सपाट किनारा आणि पाठीशी गाव. मशिदी जवळ, ओळखीची घरे जवळ, त्यामुळे वुजूची, जेवणाची आणि बायकांच्या सोयीची चिंता नाही. भरतीच्या तासांत काय करायचे, हा प्रश्नही इथे सुटतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा, किंवा खोकरीचे सिद्दी सरदारांचे दगडी मकबरे मुलांना दाखवावेत. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

दिवेआगर आणि श्रीवर्धन: कोलाड, माणगाव, म्हसळा या मार्गाने लांब पडतात, म्हणून मुक्कामाच्या सहलीसाठी. दोन्ही किनारे लांब आणि सपाट. दिवेआगरला राहिलात तर जुमा बोर्ली पंचतनला पढता येतो. जून २०२० च्या निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या होत्या. इथल्या घरांत उतरलो, इथे जेवलो तर चार पैसे त्या बागायतदारांच्या हाती पडतात.

हरिहरेश्वर: इथले खडक पाहायला सुंदर आहेत, पण अवचित येणारी लाट त्यांवरून माणूस ओढून नेते. लहान मुले बरोबर असतील तर खडकांकडे जाऊच नये.

भांग असला तरी बेफिकिरी नको

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्याच घरांतली ती मुले होती. त्या दिवशी उधाण नव्हते, चांद अर्धा होता. पण हिशेब केला तर पूर्ण भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे दुपारभर पाणी चढत होते. सपाट किनाऱ्याचा धोका हाच. पाणी उंचीने थोडे चढले तरी आडवे फार लांब पसरते, आणि लांबवर चालत गेलेला माणूस वळून पाहतो तेव्हा किनारा दूर गेलेला असतो. म्हणून चांद वेळ सांगतो, हमी देत नाही.

आता आमच्या घराने काही नियम केले आहेत. स्टंप पाण्यापासून लांब रोवायचे आणि फटके गावाच्या दिशेने मारायचे. बॉल समुद्रात गेला तर तो समुद्राचा. नवा बॉल दुकानात मिळतो. मुलींनी आणि बायकांनी पायघोळ बुरख्यात किंवा अबायात घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाही, कारण भिजलेले कापड पायात गुंडाळते आणि खाली खेचते. दोन लाटांच्या मधला शांत दिसणारा पट्टा सर्वांत फसवा. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत जाते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत बसू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंच करावा आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर यावे. बुडणाऱ्यामागे उडी मारू नये. रिकामा बंद कॅन, दोरी, बांधलेल्या ओढण्या फेकाव्यात, जीवरक्षकाला हाक मारावी आणि ११२ ला फोन करावा.

आणखी एक नियम नमाजचा. आपल्या किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्याच बाजूला येतो. पण सजद्यात गेलेल्या माणसाला पाणी दिसत नाही. म्हणून असरची जमाअत आम्ही दोन पाळ्यांत करतो. एक पाळी नमाजमध्ये, दुसरी मुलांवर नजर ठेवून. मुले ही अल्लाहची अमानत आहेत, आणि अमानत सांभाळणे हीसुद्धा इबादतच.

गेल्या ईदला आम्ही मुरूडला गेलो. सकाळच्या ओहोटीत दोन डाव झाले, मग भाकरी, तळलेली मासळी आणि सांदण. त्या दिवशी पाण्यात गेलेला मुलगा आता मोठा झाला आहे. चांद दिसला की तोच कागदावर पाऊणपट करून सांगतो, उद्या किती वाजता निघायचे. यंदा तुमच्या घरी चांद दिसेल तेव्हा मुबारकबाद देऊन झाली की एवढा एक हिशेब मुलांकडून करून घ्या. इन्शाअल्लाह, जितकी मुले गाडीत बसून जातील, तितकीच हसत घरी परततील.