रानातील मूक पहारेकरी

कऱ्हाडजवळच्या मलकापुराहून पश्चिमेकडे गेले, की कोयनेचे अरण्य लागते. कोयना व चांदोली येथील राने मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ठशांवरून तेथे वाघ असावा असे वाटे. परंतु २०१८ च्या मे महिन्यात त्याचे छायाचित्रच मिळाले. ते टिपले रानात लावून ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने! समोरून ऊबदार अंगाचा प्राणी हलला, की हा कॅमेरा आपोआप चालू होतो. म्हणून तो निवडताना प्रथम त्याची तत्परता पाहावी. क्षणभर उशीर झाला, तर केवळ शेपटीच हाती लागावयाची! पेटीत पाणी शिरता कामा नये. कोयनेचा पाऊस कोणाची गय करीत नाही. वाघासाठी मात्र वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात, कारण त्याच्या दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसतात.