चौपदरी रस्ता, काळी माती आणि सफारी

सोलापूर जिल्ह्यात मोठ्या गाडीची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक पुण्याच्या रस्त्यावर, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत हडपसरपर्यंत, सुमारे अडीचशे किलोमीटर. दुसरी गावापासून शेतातल्या वस्तीपर्यंतच्या पाणंदीत, जेमतेम दोन किलोमीटर. पहिल्या परीक्षेत पिकअप, ब्रेक, एसी आणि कंबर यांचा हिशेब लागतो. दुसरीत एकच प्रश्न असतो: गाडी बाहेर निघेल का? उत्तरा-हस्ताचा पाऊस दोन दिवस लागून पडला की इथली काळी माती चाकाला लिंपून बसते. टायरची नक्षी भरून जाते, चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि मग शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. वाफसा येईपर्यंत गाडी आत न्यायची नाही, हे इथलं पोरही सांगतं.

या दोन्ही परीक्षांना एकाच वेळी बसायचं धाडस करणारी पहिली मोठी भारतीय गाडी म्हणजे टाटा सफारी. तिच्या पिढ्यांची तुलना नेहमी आकड्यांवर होते: अश्वशक्ती किती, टॉर्क किती, स्क्रीन केवढी. आकडे लागतातच, पण गाडीची प्रत्येक पिढी तिच्या काळातल्या रस्त्याला दिलेलं उत्तर असते. म्हणून सफारीच्या पिढ्या महामार्ग आणि पाणंद दोन्हींवर चालवून पाहिल्याशिवाय त्यांचं खरं मोल कळत नाही.

सफारी 1998 मध्ये आली. कंपनीचं नाव तेव्हा टेल्को होतं. पुण्याजवळ पिंपरीचा कारखाना सुमंत मुळगावकरांच्या काळात उभा राहिला आणि टाटांच्या प्रवासी गाड्यांचा वंश इथेच वाढला. 1988 मध्ये टाटामोबाइल हा पिकअप, 1991 मध्ये सिएरा, 1992 मध्ये इस्टेट, 1994 मध्ये सुमो. सुमो हे नाव ‘सुमंत’ आणि ‘मुळगावकर’ यांच्या आद्याक्षरांतून झालं. या सगळ्या गाड्यांच्या हाडांत ट्रक बांधणाऱ्यांचा हात दिसतो. खाली शिडीसारखी जाड चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी. बैलगाडीची साटी आखावर ठेवावी तशी. चाकाखालचा धक्का आधी चासी खाते, मग बसणाऱ्यापर्यंत पोहोचतो. खराब रस्त्याला ही रचना मानवते आणि ती वर्षानुवर्षं टिकते. बदल्यात वजन मात्र वाढतं.

पहिली सफारी दिसायलाच वेगळी होती. मागच्या बाजूला उंच होत गेलेलं छत, मागच्या दारावर लटकवलेली स्टेपनी, रुंद बोनेट. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्यामुळे सुमोत बसून आलेल्या माणसाला ती पालखीसारखी वाटायची. डिकीत समोरासमोर दोन घडीच्या खुर्च्या होत्या. सोलापूरच्या घरांना या खुर्च्यांचं मोल लगेच कळलं. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही सगळी देवस्थानं तास-दीड तासाच्या अंतरावर. आजी पुढे, मधल्या सीटवर मोठी माणसं, मागे पोरं आणि पायांशी प्रसादाच्या पिशव्या. मागच्या पोरांना वळणावर मळमळायचं, तरी तिथेच बसायचं म्हणून भांडणं व्हायची.

दोष मात्र मोठा होता. सुमारे दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन जेमतेम 90 अश्वशक्तीचं आणि गाडी दोन टनांच्या घरात. रिकाम्या रस्त्यावर ती शांतपणे धावे, पण तेव्हाचा पुणे रस्ता दुपदरी होता आणि गळीत हंगामात त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या. ट्रकला ओलांडायचं म्हणजे समोरचा रस्ता दूरवर मोकळा हवा, खालचा गिअर हवा आणि धीर हवा. डोंगरासारखी दिसणारी गाडी ओव्हरटेकला कमी पडते, ही खंत त्या पिढीच्या प्रत्येक चालकाच्या बोलण्यात असायची.

या उणिवेचा फायदा नाशिकने घेतला. जून 2002 मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली. 2.6 लिटरचं इंजिन, 109 अश्वशक्ती, किंमत सफारीहून बरीच खाली. ग्रामीण महाराष्ट्राची पसंती भराभर तिकडे वळली. प्रतिष्ठेची गाडी अजून सफारीच होती, पण खपाची गाडी स्कॉर्पिओ झाली आणि ती शर्यत सफारीने पुढे कधी जिंकली नाही.

टाटांचं उत्तर आलं 2005 मध्ये, तीन लिटरच्या डायकॉर इंजिनाने. अश्वशक्ती 116, टॉर्क 300. डायकॉर म्हणजे कॉमन रेल. जुन्या पद्धतीत पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने डिझेल ढकलायचा. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत डिझेल सतत प्रचंड दाबाखाली असतं आणि कॉम्प्युटर इंजेक्टर क्षणभर उघडून हवं तेवढंच आत सोडतो. धूर घटला, खडखडाट घटला, ताकद वाढली. तरीही ही मधली सोय होती. खरा बदल 2007 मध्ये झाला.

त्या वर्षी आलेलं 2.2 लिटरचं इंजिन आकाराने लहान आणि ताकदीने मोठं होतं: 140 अश्वशक्ती, 320 टॉर्क. त्याच्या टर्बोतल्या पात्यांचा कोन बदलता येत होता. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, धुराचा झोत जोरात बसतो आणि टर्बो लवकर जागा होतो. फेऱ्या वाढल्या की पाती उघडतात. पाटाच्या पाण्याला दारं धरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही; तोंड बारीक केलं की धार लांब जाते. आता मोहोळच्या पुढे ट्रकमागे अडकून राहायची गरज नव्हती. शिवाय वरच्या मॉडेलला फोर बाय फोर होतं. आतली कळ फिरवली की पुढची चाकंही ताकद घ्यायची आणि लो रेशो टाकला की गाडी बैलाच्या चालीने चिखलातून सरकायची. काळ्या मातीत यालाच किंमत आहे. वेगाने घुसलं की रुततं, चारही चाकांनी सावकाश ओढलं की निघतं.

सफारीच्या सगळ्या पिढ्यांत महामार्ग आणि पाणंद या दोन्ही परीक्षा सर्वात चांगल्या गुणांनी पास झालेली गाडी हीच. पुढच्या गाड्या एकेका विषयात तिच्यापेक्षा सरस आहेत, पण दोन्ही विषय मिळून नाहीत.

2012 ची स्टॉर्म तशी मधल्या बोटाची अंगठी, मोठ्या आणि धाकट्या सफारीच्या मधे राहून गेली. चासी नवी आणि मजबूत, स्टेपनी मागच्या दारावरून गाडीच्या पोटाखाली गेली, इंजिन आधी तेच आणि 2015 च्या अखेरीस 156 अश्वशक्ती व 400 टॉर्कचं. पण बाजार तोवर बदलला होता. 2009 मध्ये टोयोटाची फॉर्च्युनर आली होती, 2011 मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही 500. गावात शिरणारी सर्वात मोठी गाडी आता फॉर्च्युनर होती आणि निवडणुकीच्या काळात सोलापुरातल्या कोणत्याही पक्षाच्या कार्यालयासमोर नजर टाकली तरी ते दिसायचं. स्टॉर्मची खरी कदर लष्कराने केली. 2017 मध्ये भारतीय लष्कराने जिप्सीच्या जागी 3,192 सफारी स्टॉर्म मागवल्या. अटी होत्या: पक्कं छत, एसी, किमान 800 किलो वजन पेलण्याची ताकद आणि चारही चाकांना ताकद. हिरव्या रंगाच्या त्या सफारी आजही रस्त्यावर भेटतात. 2019 मध्ये स्टॉर्मचं उत्पादन थांबलं आणि चासीवर उभ्या सफारीचा वंश तिथे संपला.

2021 च्या सफारीची मुळं शोधायची तर परदेशात जावं लागतं. मोठ्या आलिशान एसयूव्हीची कल्पना ज्या गाडीने रुजवली, ती ब्रिटनची रेंज रोव्हर, 1970 ची. शेतात चालणाऱ्या लँड रोव्हरला मऊ कॉइल स्प्रिंग आणि चांगली बैठक दिली, एवढीच मूळ कल्पना. ज्या वर्षी टेल्कोने पिंपरीत स्वतःच्या बळावर सफारी बांधली, तेव्हा रेंज रोव्हर हे दूरचं स्वप्न होतं. पुढे दहा वर्षांनी, जून 2008 मध्ये, टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या सुमारे 2.3 अब्ज डॉलर देऊन विकत घेतल्या. नव्या सफारीचा सांगाडा याच घरातून आला. लँड रोव्हरच्या डी 8 रचनेवरून तो बेतला आहे. ट्रक बांधणाऱ्या पिंपरीच्या कामगारांच्या हातून आता लँड रोव्हरच्या हाडांची गाडी निघते, ही मराठी औद्योगिक इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. इंजिनही जवळचंच: दोन लिटरचं, 170 अश्वशक्तीचं, मूळ फियाटच्या घराण्यातलं आणि रांजणगावात बनणारं.

नव्या सफारीत वेगळी चासी नाही. बॉडी आणि सांगाडा एकजीव आहे. त्यामुळे गाडी वळणावर डोलत नाही, वेगात स्थिर राहते, आतला आवाज कमी होतो. टक्कर झाली तर पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळतो आणि धक्का माणसापर्यंत पोहोचण्याआधी जिरतो. डिसेंबर 2023 मध्ये भारत एनकॅप या आपल्या देशी चाचणीचे पहिले निकाल जाहीर झाले, ते सफारी आणि तिची धाकटी बहीण हॅरिअर यांचे. दोघींना पाच तारे, प्रौढांच्या सुरक्षेत 32 पैकी 30.08 आणि मुलांच्या सुरक्षेत 49 पैकी 44.54 गुण. पहिली सफारी आली तेव्हा आपल्याकडे अशी जाहीर चाचणी घेणारी यंत्रणाच नव्हती. डिकीतल्या त्या आडव्या खुर्च्यांवर बसून पंढरपूरला गेलेली पोरं आज स्वतः आईबाप आहेत. आपल्या मुलांना ते तशा खुर्चीवर बसवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. नव्या सफारीत तिसरी रांग समोर तोंड करून आहे, पट्ट्यासकट.

रस्ताही तोवर पालटला होता. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, ट्रॉल्या डावीकडे राहू लागल्या, सावळेश्वरच्या टोलनाक्यापासून पाटसपर्यंत गाडी एका लयीत जाते. डाव्या-उजव्या हाताला उजनीचं पाणी चमकून जातं आणि चालकाचे हात स्टिअरिंगवर सैल असतात. या रस्त्यासाठी 2021 नंतरची सफारी अगदी योग्य आहे. 42-43 अंशांच्या सोलापुरी उन्हाळ्यात सात माणसं गार बसून पुण्याला पोहोचतात आणि उतरल्यावर कुणी कंबर धरत नाही.

पण पाणंदीचं काय? नव्या सफारीत ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. फोर बाय फोरचा पर्यायच ठेवलेला नाही. ओल्या रस्त्यासाठी ट्रॅक्शनची बटणं आहेत. ती घसरणारं चाक ब्रेक लावून आवरतात, मात्र मागच्या चाकांना ओढायला लावू शकत नाहीत. कंपनीचा हिशेब समजण्यासारखा आहे. फोर बाय फोर घेणारे थोडे, त्याने वजन वाढतं, ॲव्हरेज घटतो, किंमत चढते. रेंज रोव्हरनेही 2001 च्या पिढीत वेगळी चासी सोडली, पण चारही चाकांची ताकद सोडली नाही. कारण ती गेली तर नावाला अर्थ उरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सफारी हे नावही तेवढ्याच तोलाचं होतं. म्हणून ही उणीव खुपते.

जिल्ह्यातले महामार्ग बदलले तेवढ्या पाणंदी बदलल्या नाहीत. राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत सोलापूर येतं. सांगोल्याच्या डाळिंबाला, पंढरपूरच्या द्राक्षाला देशभर मागणी आहे. या पैशातून मोठी गाडी घेणाऱ्याचं घर बहुधा रस्त्यालगत नसतं, वस्तीवर असतं. त्याला सफारी हवी असते ती पुण्याला जायला आणि रात्री-अपरात्री पावसातून घरी पोहोचायलाही. आज अनेक वस्त्यांवर त्यामुळे दोन गाड्या उभ्या दिसतात: दारात नवी, गोठ्याशेजारी जुनी. पंधरा वर्षं उलटलेल्या 2.2 डायकॉरचं पासिंग पुन्हा करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, बुशा बदलायच्या, पण विकायची नाही. ‘मालक, हिला काढा आता,’ असं गॅरेजमधला मिस्त्रीही म्हणत नाही.

सोलापूरला इंजिन परकं नाही, हेही सांगायला हवं. चादरींचं गाव अशी ओळख असलेल्या या शहरात 1992 मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली. इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी उघडणारे-मिटणारे दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, इथल्या एमआयडीसीतून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, टोयोटा, टाटा अशा कंपन्यांकडे गेले. या शहरात गाडीबद्दल बोलणारा माणूस बोनेटच्या आत काय चाललंय ते जाणून बोलतो. त्यामुळे सफारीने काय मिळवलं आणि काय गमावलं, याची चर्चा इथे भावनेवर थांबत नाही.

गमावलेलं परत आलं, ते दुसऱ्याच वाटेने. जून 2025 मध्ये टाटांनी हॅरिअरचं विजेवर चालणारं रूप आणलं आणि त्याच्या वरच्या मॉडेलला दोन मोटारी दिल्या, एक पुढे, एक मागे. मधून जाणारा लोखंडी शाफ्ट नाही, ट्रान्सफर केस नाही, तरी चारही चाकं ओढतात. विजेच्या मोटारीला टर्बो जागा होण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या फेरीपासून पूर्ण ताकद मिळते आणि चिखलात नेमकं तेच लागतं. फक्त ही गाडी पाच जणांची आहे. वस्तीवरच्या सात माणसांच्या कुटुंबाला हस्ताच्या पावसात पाणंदीतून न्यायचं असेल, तर गोठ्याशेजारच्या जुन्या सफारीचीच किल्ली शोधावी लागते.