कापूस वेचणीचा हंगाम, थंडी आणि कंबरदुखी

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा होय. वणी, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी, दारव्हा, नेर इत्यादी भागांत दसऱ्याच्या सुमारास बोंडे फुटू लागतात, शेतात सीतादही होते आणि वेचणीस आरंभ होतो. हे काम पुढे पौषापर्यंत चालते. याच काळात थंडीही वाढत जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. वेचणीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात आणि याच महिन्यांत कंबर धरल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. "थंडी बाधली" किंवा "वात धरला" असे म्हणून ती सोसली जाते. परंतु या दुखण्याचे खरे कारण समजून घेतल्यास ते पुष्कळसे टाळता येते आणि झाल्यास साध्या उपायांनी हलके करता येते.

दुखणे कशामुळे होते ?

कमरेच्या भागात पाठीच्या कण्याचे पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक गादी असते आणि मागील बाजूस कणा सावरून धरणारे स्नायू असतात. मनुष्य पुढे वाकला म्हणजे शरीराच्या वरच्या भागाचे वजन या स्नायूंना पेलावे लागते. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात या गादीवरील दाब प्रत्यक्ष मोजला. निजलेल्या स्थितीत हा दाब कमी, उभे असताना त्याहून अधिक आणि पुढे वाकलेल्या स्थितीत आणखी अधिक असल्याचे त्यात दिसून आले.

पहारीने दगड उचलणाऱ्या शेतकऱ्यास यातील तत्त्व परिचित आहे. टेकूपासून ओझे जितके दूर, तितका जोर अधिक लागतो. पाठीचे स्नायू कण्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर असतात. गळ्यात अडकविलेली कापसाची झोळी वाकल्यावर कण्यापासून ३० सेंटिमीटर पुढे लोंबत असेल, तर ५ किलो कापसासाठी स्नायूंना सुमारे ३० किलोचा ताण द्यावा लागतो. शरीराच्या वजनाचा ताण याहून निराळा.

पऱ्हाटीची खालची बोंडे आधी फुटतात. त्यामुळे पहिल्या वेच्यात सर्वांत अधिक वाकावे लागते. शिवाय वाळलेल्या पानांचा कचरा खालच्या कापसावर पडू नये म्हणून वेचणी खालून वर करावी, अशी शिफारस आहे. ती योग्यच आहे. मात्र खालची बोंडे तासन् तास कमरेतून वाकूनच वेचली पाहिजेत असे नाही.

थंडीचा वाटा किती ?

केवळ थंड हवेने कंबर दुखू लागते असे सिद्ध झालेले नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे सुमारे १,००० रुग्णांची पाहणी करण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तापमान व आर्द्रता यांचा कंबरदुखी सुरू होण्याशी संबंध आढळला नाही. तथापि थंडीत शरीर आखडते, सकाळी सांधे व स्नायू ताठर वाटतात आणि आधीपासून असलेले दुखणे अधिक जाणवते, हा अनेकांचा अनुभव आहे. पहाटे पाणी भरणे, सडासारवण व स्वयंपाक आटोपून, आखडलेल्या अंगाने एकदम वाकून काम सुरू केले म्हणजे कमरेवर ताण येतो. तात्पर्य, थंडीपासून बचाव तर करावाच, पण खरी सुधारणा कामाच्या पद्धतीत करावी.

वेचणीत करावयाच्या सुधारणा

१. दव वाळल्यावर वेचणी सुरू करावी. ओला कापूस साठवणीत पिवळा पडतो व त्याची प्रत घसरते, म्हणून दव उडाल्यावरच वेचावे असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. तोच नियम कमरेच्याही हिताचा आहे. उन्हाने अंग मोकळे झालेले असते आणि लुगडे दवाने भिजत नाही.

२. कामापूर्वी पाच मिनिटे भरभर चालावे. हात कमरेवर ठेवून हळूहळू मागे झुकावे व पुन्हा सरळ व्हावे. असे पाच वेळा करावे. वेचणी चालू असतानाही दर अर्ध्या तासाने हीच क्रिया करावी. तीस एक मिनिटही पुरते.

३. खालच्या बोंडांसाठी एक गुडघा जमिनीवर टेकावा किंवा उकिडवे बसावे. थोड्या वेळाने गुडघा बदलावा. गुडघ्यांचे दुखणे असल्यास जाड कापडाची घडी बांधावी.

४. झोळी अंगाशी घट्ट असावी व ती गळ्यात लोंबकळत ठेवू नये. दोन-तीन किलो कापूस होताच ती रिकामी करावी.

५. गाठोडे उचलताना गुडघे वाकवून, ओझे छातीशी घेऊन उठावे. ओझ्यासह कमरेतून वळू नये. मोठे गाठोडे दोघांनी मिळून बंडीत चढवावे.

येथे एक अडचण आहे. वेचणीची मजुरी सामान्यतः किलोवर दिली जाते. जी बाई थांबते तिचे वजन कमी भरते, म्हणून दुखत असूनही ती थांबत नाही. यास्तव सुधारणेचा काही भार शेतमालकाने उचलला पाहिजे. धुऱ्यावर दोन-तीन ठिकाणी ताडपत्री अंथरून प्रत्येकीच्या नावाची खूण असलेली स्वतंत्र गोणी ठेवल्यास झोळी वारंवार रिकामी करण्यात तिचा तोटा होत नाही. पिण्याचे पाणी जवळ ठेवावे, दुपारी सावलीत विसाव्यास वेळ द्यावा. कंबर धरलेला मजूर चार दिवस घरी बसतो. त्यात मजुरी त्याची बुडते आणि वेचाही रखडतो.

दुखू लागल्यास घरगुती उपाय

शेक : उबेने स्नायू सैल होतात व काही काळ आराम पडतो. वाळू किंवा जाडे मीठ तव्यावर गरम करून कापडात पुरचुंडी बांधावी, ती आधी हाताच्या पाठीवर लावून पाहावी आणि १५ ते २० मिनिटे शेकावे. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांच्या त्वचेस चटका कळत नाही त्यांनी विशेष जपावे. दार-खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवून कधीही निजू नये. तिच्या विषारी वायूने प्राण जाऊ शकतो.

चोळणे : तीळ किंवा करडईचे कोमट तेल हलक्या हाताने चोळून नंतर ऊन पाण्याने अंघोळ करावी. कमरेवर पाय देणे किंवा झटका देऊन कंबर "बसविणे" टाळावे.

हालचाल : अंथरुणास खिळून राहणे हितावह नाही. फिनलंडमधील हेलसिंकी शहरात कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या व १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा सोसवेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. म्हणून जड ओझे व वाकणे काही दिवस टाळावे, पण हिंडणे-फिरणे चालू ठेवावे.

निजणे : मध्यभागी खोल गेलेली बाज व उघडी गार जमीन दोन्ही टाळावीत. सपाट जागेवर सतरंजी व गोधडी अंथरून कुशीवर निजावे आणि गुडघ्यांमध्ये घडी केलेले कापड ठेवावे.

व्यायाम : दुखणे ओसरल्यावर उताणे निजून, गुडघे वाकवून एकेक गुडघा छातीकडे आणावा. नंतर पाय टेकवून कंबर हळूच वर उचलावी व खाली आणावी. प्रत्येक क्रिया दहा वेळा करावी. कळ पायात उतरू लागल्यास थांबावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व रुग्णाचे शिक्षण यांवर भर दिला असून कमरपट्टा नित्याचा उपचार म्हणून वापरू नये असे म्हटले आहे. उबेसाठी शाल गुंडाळण्यास हरकत नाही. दुकानातून नाव नसलेल्या गोळ्या-पुड्या आणून घेऊ नयेत. वेदनाशामक औषधे फार दिवस घेतल्याने जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो.

दवाखान्यात केव्हा जावे ?

पुढील लक्षणे असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये :

(अ) लघवी तुंबणे, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होणे. यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

(आ) ताप, रात्री घाम, वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठविणारे दुखणे. कण्याचा क्षयरोगही अशा रीतीने सुरू होतो व तो औषधांनी बरा होतो.

(इ) पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, तसेच गरोदरपणातील तीव्र कळ.

(ई) चार ते सहा आठवड्यांत कमी न होणारे दुखणे.

प्रथम गावच्या आशा स्वयंसेविकेस सांगून उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पुढील तपासणीची सोय यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेचणीपूर्वी गावात बैठक घेऊन उचलण्याची व बसण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी आणि त्या बैठकीस शेतमालकांनाही बोलवावे. कापूस कोरडा व स्वच्छ यावा म्हणून जी काळजी घेतली जाते, तिच्यासोबतच तो वेचणाऱ्या बाईची कंबर शाबूत राहावी याचीही काळजी घेतली गेल्यास हंगाम खऱ्या अर्थाने पदरात पडला असे म्हणता येईल.