मोटारीतील सीव्हीटी यंत्रणा : दुरुस्ती की बदल? – एक विवेचन

प्रस्तावना :
सतत परिवर्तनशील पारेषण म्हणजेच ‘सीव्हीटी’. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यावर चालणारी अशी यंत्रणा असलेली मोटार सादर केली. भारतात १९८४ मधील किनेटिक होंडा या विनागिअर स्कूटरमुळे हेच तत्त्व सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले. मोटारीतील ही यंत्रणा बिघडल्यास मात्र ती दुरुस्त करावी की संपूर्ण बदलावी, हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने मोठ्या खर्चाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा ऊहापोह केला आहे.

रचना व कार्य :
आजच्या बहुतांश सीव्हीटी मोटारींत ठरावीक दात्यांच्या गिअरऐवजी दोन पुली व त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा किंवा साखळी असते. प्रत्येक पुलीची एक शंक्वाकार बाजू ऑइलच्या दाबाने सरकते. त्यामुळे पट्ट्याची त्रिज्या आणि पर्यायाने गतीचे गुणोत्तर अखंडपणे बदलत राहते. पट्टा केवळ घर्षणाच्या आधारे शक्ती वाहून नेतो. म्हणूनच ऑइलचा दाब व गुणवत्ता यांवर संपूर्ण यंत्रणेचे आयुष्य अवलंबून असते.

बिघाडाची कारणे :
१) ऑइल वेळेवर न बदलणे अथवा चुकीचे ऑइल वापरणे.
२) अतिउष्णतेमुळे ऑइलचे गुणधर्म नष्ट होणे.
३) दाब कमी पडून पट्टा घसरणे व पुलीवर ओरखडे उमटणे.
४) इंजिन बंद असताना चालक चाके जमिनीवर ठेवून मोटार ओढून नेणे. इंजिनावर चालणारा पंप अशा वेळी बंद असल्याने वंगण मिळत नाही.

दुरुस्ती की बदल :
मोटार हिसके देऊ लागली म्हणजे यंत्रणा निकामी झाली, असे नव्हे. प्रथम ऑइलची पातळी व स्थिती, संगणकातील दोषसंकेत आणि ऑइल पॅनमधील चुंबकांवर साचलेला कीस तपासणे आवश्यक असते. दोष ऑइल, सॉफ्टवेअर वा व्हॉल्व्ह बॉडीपुरता मर्यादित असल्यास दुरुस्ती पुरेशी ठरते. पट्टा व पुली झिजल्या असल्यास केवळ ऑइल बदलून उपयोग नसतो. अशा वेळी संपूर्ण यंत्रणा बदलणे अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र तेव्हा कूलर स्वच्छ केला नाही अथवा बदलला नाही, तर जुना कीस नव्या यंत्रणेत शिरून तीही निकामी होते.

ग्राहकहिताचा विचार :
अमेरिकेत निस्सान कंपनीने २००३ ते २०१० या मॉडेल वर्षांतील मोटारींच्या सीव्हीटीची हमी ५ वर्षे वा ६०,००० मैलांवरून १० वर्षे वा १,२०,००० मैलांपर्यंत वाढविली होती. म्हणून स्वतः खर्च करण्यापूर्वी हमीची मुदत पडताळणे हिताचे ठरते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, दुरुस्ती वा बदल हा निर्णय अंदाजाने नव्हे, तर अचूक निदानावर आधारित असावा. निदानाचा अल्प खर्च टाळल्यास चांगली यंत्रणाही विनाकारण भंगारात जाते.