निकाल लागतो, नजर बदलते

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये दोन मांडव सजले होते. हडसन नदीकाठच्या जेविट्स सेंटरमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची तयारी होती. ही इमारत हेतूपूर्वक निवडलेली, कारण तिचं छप्पर काचेचं. बायकांच्या डोक्यावरचं अदृश्य काचेचं छत आज फुटणार, हे नुसतं बोलून भागणार नव्हतं, ते दाखवायचं होतं. त्यासाठी काचेच्या तुकड्यांसारखे दिसणारे पारदर्शक कपटेही उधळायला तयार ठेवले होते. तिथून दोन-अडीच किलोमीटरवरच्या हिल्टन हॉटेलात लाल टोप्या घातलेले डोनाल्ड ट्रम्प यांचे पाठीराखे जमले होते. रात्री दोनच्या सुमारास क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांनी लोकांना घरी जायला सांगितलं. कपटे उडालेच नाहीत.

हसू आणि रडू कुठल्याही निवडणुकीत असतंच. मी थक्क होतो ते पुढच्या चार-पाच दिवसांत जे घडलं त्याने.

गॅलप ही संस्था त्या काळात अमेरिकी लोकांना रोज विचारत असे की देशाची अर्थव्यवस्था सुधारतेय की बिघडतेय. मतदानाच्या आदल्या आठवड्यात रिपब्लिकनांपैकी जेमतेम १६ टक्के लोक 'सुधारतेय' म्हणत होते. निकालानंतर, ९ ते १३ नोव्हेंबरदरम्यान, हाच आकडा ४९ टक्क्यांवर गेला. डेमोक्रॅटांचा ६१ वरून ४६ वर घसरला. या आठवड्यात अमेरिकेत काय बदललं होतं? पगार तेच, भाजीचे भाव तेच, घराचे हप्ते तेच. राष्ट्राध्यक्षसुद्धा तेच, कारण ट्रम्प यांचा शपथविधी २० जानेवारीला होता आणि तोवर कारभार ओबामांच्याच हाती होता. अर्थव्यवस्था जागची हलली नव्हती. तिच्याकडे पाहणारे डोळे मात्र फिरले होते, आणि तेही दोन बाजूंना.

बाजार तरी थंड डोक्याने विचार करत असेल, असं वाटतं ना? त्या रात्री निकालाचा कल दिसू लागताच अमेरिकेच्या वायदेबाजारात डाऊ जोन्स आठशेहून अधिक अंकांनी कोसळला. सूर्य उगवला, कामकाज सुरू झालं आणि दिवसअखेर तोच डाऊ सुमारे २५७ अंकांनी वर बंद झाला. मुंबईत तर दोन धक्के एकदम बसले. आदल्या रात्री आठ वाजता नोटाबंदी जाहीर झालेली, आणि सकाळी दलाल स्ट्रीट उघडते तोच अमेरिकेची मतमोजणी रंगात आलेली. सेन्सेक्स सुरुवातीला सोळाशेहून अधिक अंकांनी आपटला आणि बंद होताना ३३८ अंकांच्या घसरणीवर सावरला. त्यातली किती भीती दिल्लीची आणि किती वॉशिंग्टनची, याचा हिशेब कोण मांडणार?

आणि हे सगळं किती बारीक फरकावर उभं होतं, तेही पाहा. १३ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. देशभरात क्लिंटन यांना सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त पडली. पण अमेरिकेत राज्यनिहाय निवडलेले प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष ठरवतात, आणि तिथे ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ असे जिंकले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्वेनिया ही तीन राज्यं मिळून त्यांची आघाडी जेमतेम ७८ हजारांची. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं दुसरीकडे वळती, तर जेविट्स सेंटरमध्ये कपट्यांचा पाऊस पडला असता आणि हिल्टनमधल्यांनी मान खाली घालून घरची वाट धरली असती. देश मात्र तोच राहिला असता. तरीही निकालानंतर दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटत होतं की आपला देश एका रात्रीत कुणीतरी बदलून टाकलाय.

तेव्हाच न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्याखालच्या भुयारी रेल्वेच्या बोळात एका कलाकाराने टेबल मांडलं, रंगीत चिकट चिठ्ठ्या आणि पेनं ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मनातलं लिहायला सांगितलं. बघता बघता भिंतीवरच्या फरशा चिठ्ठ्यांनी झाकून गेल्या. त्यातल्या हजारो पुढे शहरातल्या इतिहास-संग्रहालयाने जपून ठेवल्या. चार ओळींच्या कागदाला संग्रहालयात जागा मिळायला एरवी शंभर वर्षं लागतात.

आता थोडं शरीराकडे. २००८मध्ये ओबामा जिंकले त्या रात्री ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मतदारांच्या थुंकीचे नमुने निकालाच्या आधी आणि नंतर थोड्या थोड्या वेळाने गोळा केले. हरलेल्या उमेदवारांना मत दिलेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन निकाल जाहीर झाल्यावर झपाट्याने खाली आलं. ओबामांना मत दिलेल्या पुरुषांचं होतं तिथेच टिकलं. स्त्रियांमध्ये असा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठा इमला बांधायला मी तयार नाही. पण कल्पना करून पाहा. हा पुरुष ना मैदानात उतरलेला, ना त्याला कुणी ढकललेलं. तो सोफ्यावर बसून टीव्ही पाहतोय, आणि हार त्याच्या थुंकीपर्यंत पोचलीय.

मग हे दुःख टिकतं किती? इथे मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८चा निबंध फार गमतीचा आहे. १९९४मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि अ‍ॅन रिचर्ड्स यांच्यात लढत होती. संशोधकांनी मतदारांना आधीच विचारून ठेवलं होतं की तुमचा उमेदवार पडला तर महिन्याभराने तुम्हाला कसं वाटत असेल? रिचर्ड्सच्या पाठीराख्यांनी पुष्कळ वाईट वाटेल असं सांगितलं. रिचर्ड्स पडल्या. महिन्याने विचारलं तर ही मंडळी होती तितकीच सुखात होती. वर बुश यांच्याबद्दलचं त्यांचं मतही त्यांना स्वतःला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निवळलं होतं. आपलं मन जखमा भरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते किती लवकर भरतं याचा अंदाज दर वेळी चुकतो.

खिशाचं तर आणखी वेगळं. आतिफ मियां आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह पाहिलं की सत्ताबदलानंतर लोकांची अर्थव्यवस्थेबद्दलची मतं एवढी उलटीपालटी होतात, तर त्यांचा खर्चही तसाच बदलतो का. नाही बदलत. 'आता सोन्याचे दिवस' म्हणणारा जास्त खरेदी करत नाही आणि 'देश बुडाला' म्हणणारा फ्रीज घ्यायचा थांबत नाही. मग पाहणीत लोक खोटं बोलतात का? काही अभ्यासकांना वाटतं की अशा प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे निम्मी घोषणाबाजी असते. मला हे बऱ्याच अंशी पटतं, पूर्ण नाही. तोंडाने बोललेलं आपल्यालाच हळूहळू खरं वाटू लागतं.

एक गोष्ट मात्र अशी आपोआप भरून येत नाही. ती म्हणजे मतमोजणीवरचा विश्वास. सामना हरलेल्यांना अंपायर आंधळा वाटतो, ते ठीक आहे. पण किती आंधळा, यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. प्यू रिसर्च सेंटरने निवडणूक नीट पार पडली का, असं विचारलं. २०२०मध्ये ट्रम्प हरले तेव्हा त्यांच्या मतदारांपैकी २१ टक्क्यांनीच हो म्हटलं. २०२४मध्ये ट्रम्प जिंकले आणि 'हो' म्हणणारे ९३ टक्के झाले. आता दुसरी बाजू पाहा. २०२०च्या विजेत्या बायडेन यांच्या मतदारांत हे प्रमाण ९४ टक्के होतं, आणि २०२४मध्ये हरलेल्या कमला हॅरिस यांच्या मतदारांत ८४. हार दोघांचीही, पण एकीकडे विश्वास पार कोसळलेला आणि दुसरीकडे थोडासा खचलेला.

हा फरक पडला नेत्यांच्या वागण्याने, असं मी म्हणेन. हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी हॉवर्ड विद्यापीठात उभं राहून हार मान्य केली. ट्रम्प यांनी २०२०मध्ये केली नाही, आणि ६ जानेवारी २०२१ला जमाव संसद भवनात घुसला. गंमत अशी की हार मान्य करावी असं अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात नाही. विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी १८९६मध्ये विजेत्या मॅकिन्लींना तार पाठवून अभिनंदन केलं, आणि तिथून हा रिवाज रुळत गेला.

त्याहूनही विलक्षण प्रसंग संसदेतच घडतो. राज्यांच्या प्रतिनिधींची मतं मोजताना अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष बसतो. आणि तोच उमेदवार असेल तर? १९६१मध्ये निक्सन यांनी केनेडींचा विजय जाहीर केला, २०२५मध्ये हॅरिस यांनी ट्रम्प यांचा. सगळ्यांत अवघड पाळी अल गोर यांची. फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडलेले गोर ६ जानेवारी २००१ला हातोडी घेऊन बसले होते. निवडणुकीच्या रात्री त्यांनी बुश यांना फोन करून हार मानली होती आणि थोड्या वेळाने दुसरा फोन करून ती मागे घेतली होती. मग पाच आठवडे कोर्टकचेरी. आता त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. तेव्हा नियम असा होता की हरकतीवर एका तरी सिनेटरची सही हवी. गोर प्रत्येकाला विचारत, सही आहे का? नाही. मग हरकत फेटाळली. पुढचा उठे, पुन्हा तोच प्रश्न. आपल्या बाजूने बोलणाऱ्यांना एकेक करून खाली बसवत त्यांनी शेवटी स्वतःचा पराभव वाचून दाखवला.

राष्ट्राध्यक्षपद हे एकच आसन असल्यामुळे तिथे हार जास्त जिव्हारी लागते. अँडरसन आणि गिलरी या अभ्यासकांनी १९९७मध्ये युरोपातल्या ११ देशांची तुलना करून दाखवलं की जिथे सत्ता वाटून घ्यायची रीत आहे, तिथे हरलेल्या पक्षाचे मतदार लोकशाहीवर कमी नाराज असतात. महाराष्ट्राने २०१९नंतर सत्ता वाटून घेण्याचे इतके प्रकार पाहिलेत की आपल्या विधानसभेत नेमकं हरलं कोण, हे सांगायलाच वेळ लागतो. अमेरिकेत तसं नाही. चार वर्षं एक आत, दुसरा बाहेर.

मिशिगन विद्यापीठ ग्राहकांच्या मनःस्थितीची दरमहा पाहणी करतं. तिच्या आलेखात रिपब्लिकनांची एक रेघ, डेमोक्रॅटांची एक. खालच्या तारखा हाताने झाकल्या तरी सत्ता कधी पालटली ते सांगता येतं. २०१६च्या अखेरीस दोन्ही रेघा एकमेकींना छेदून जागा बदलतात, २०२०च्या निवडणुकीनंतर परत बदलतात आणि २०२४ नंतर पुन्हा एकदा.