लिनक्सची मराठी घडण : हौशी अभ्यासकाचा शिक्षणमार्ग

प्रस्तावना

लिनस टॉरवल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती खुली केली. कर्नल म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि आज्ञावल्या यांना जोडणारा गाभा होय. त्याभोवती आज्ञावल्या, फॉन्ट व स्थापनेची साधने एकत्र बांधून जी सिद्ध प्रणाली दिली जाते, तिला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. डेबियन (1993), उबुंटू (2004) आणि सी-डॅकने डेबियनच्या आधारे तयार केलेली बॉस (2007) ही त्याची परिचित उदाहरणे होत.

नवे डिस्ट्रिब्युशन हाती आले की हौशी अभ्यासक प्रथम पडद्याची पार्श्वभूमी व रंगसंगती बदलतो. त्यातून आनंद मिळतो, परंतु प्रणालीचे अंतरंग उलगडत नाही. तीच प्रणाली मराठीसाठी घडविताना मात्र तिचा एकेक थर समजून घ्यावा लागतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2010 मध्ये ठाण्यात आणि 2017 मध्ये डोंबिवलीत भरले. ज्या परिसराला ग्रंथांची एवढी परंपरा आहे, तेथील संगणकाला मराठी नीट लिहिता, दाखविता व लावता आली पाहिजे.

संकेत आणि आकार

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली टिपणे लिनक्सवर उघडल्यास अनेकदा रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. तेथे देवनागरी अक्षर साठविलेलेच नसते. रोमन संकेतावर केवळ देवनागरी आकार चढविलेला असतो. तो फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी 128 संकेतस्थानांचा स्वतंत्र गट आहे. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहते.

आकाराचा प्रश्न तरीही उरतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचा संकेत हिंदी व मराठीसाठी एकच आहे. पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हे मराठीला रूढ असलेले आकार मात्र वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या वर्णमालाविषयक निर्णयात हेच आकार प्रमाण मानले आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही आकार असल्यास मजकुराची भाषा कोणती नोंदविली आहे, त्यानुसार निवड होते. म्हणून अभ्यासकाला भाषेची नोंद, फॉन्टची निवड आणि अक्षरजुळणी हे तीन थर वेगवेगळे तपासावे लागतात.

कळफलक

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद प्राध्यापकवर्गाला सांगण्याची गरज नाही. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ आणि ‘ऱ’ एकाच कळीवर असून शिफ्टसह दुसरे अक्षर उमटते. कळफलकाची मांडणी जोडून हे दोन शब्द लिहून पाहणे ही उत्तम प्राथमिक चाचणी होय. येथे चूक राहिल्यास गुरुजनांचे स्वयंपाकी होतात.

अकारविल्हे

तिसरी कसोटी क्रमवारीची आहे. भाषेचा नियम न लावता केवळ संकेतांकानुसार सूची लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’ नंतर व ‘व’ पूर्वी येतो. ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’ च्या नोंदींत मिसळते. मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही ‘ह’ नंतर येतात. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसंचातील मराठीचा नियमही तसाच आहे. तथापि सर्व आज्ञावल्या एकच नियम वापरत नाहीत. ग्रंथसूची, हजेरीपट किंवा निकालपत्रक तयार करण्यापूर्वी प्रत्येक आज्ञावलीची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते.

कार्यपद्धती

हे प्रयोग दैनंदिन कामाच्या संगणकावर थेट करू नयेत. उबुंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला धक्का न लावता चालविता येते. एका वेळी एकच बदल करावा, मूळ फाइलची प्रत ठेवावी आणि केलेला बदल वहीत नोंदवावा. प्रयोगशाळेतील ही शिस्त येथेही उपयोगी पडते.

समारोप

स्वतःच्या संगणकावर केलेली दुरुस्ती त्या संगणकापुरतीच राहते. तीच त्रुटी मूळ प्रकल्पाकडे उदाहरणासह नोंदविल्यास पुढील आवृत्तीत ती सर्वांसाठी दूर होऊ शकते. 2000 च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पात भारतीय भाषांसाठी असेच काम स्वयंसेवकांच्या हातून झाले. त्यासाठी प्रत्येकाने आज्ञावली लिहिलीच पाहिजे असे नाही. ‘ऱ’ कोठे चुकतो हे ओळखणारा मराठीचा जाणकारही तेवढाच आवश्यक असतो. या दृष्टीने संगणकशास्त्र आणि मराठी या दोन विभागांनी एकत्र बसून करावयाचा हा अभ्यास आहे.